आईला अल्झायमर झाला. मी काय खाल्ले तर मला होणार नाही?

वाचकाचा प्रश्न

सांगली परिसरातल्या ४८ वर्षांच्या एका शिक्षिकेचे हे पत्र. त्यांच्या ७४ वर्षांच्या आईला दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचे निदान झाले. आई त्यांच्याकडेच असते. "आईला गोडाची फार सवय होती, तू तेव्हाच आवरायला हवं होतंस," असे भाऊ फोनवर बोलून गेला, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. आपल्यालाही हेच होणार या भीतीने त्यांनी वर्षभरात घरचे जेवण पार बदलून टाकले. भात-भाकरी बंद. सकाळी रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे खोबरेल तेल. रात्री हळदीचे दूध, वर हळदीच्या अर्काच्या गोळ्या. ऑनलाइन मागवलेल्या ब्लूबेरी आणि 'मेंदूसाठी' म्हणून विकली जाणारी एक महागडी पावडर. ॲल्युमिनियमची भांडी भंगारात गेली. आईचा शिरा, लाडू, चहातली साखर बंद झाली, त्यावरून रोज रडारड होते. नवरा आणि मुलगी स्वतःचे वेगळे करून जेवतात. न्यू जर्सीची बहीण म्हणते, जनुकांची चाचणी करून टाक. शेवटी ताई विचारतात, "नेमके काय खाल्ले तर मी यातून वाचेन? आणि आईच्या बाबतीत माझे चुकले का?"

उत्तर

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या प्रश्नातली भीती तिथूनच आली आहे. आईच्या बाबतीत तुमचे काहीही चुकलेले नाही. तुम्हाला बरे वाटावे म्हणून हे लिहीत नाही, या आजाराची जी चाल माहीत आहे तिच्यावरून लिहिते आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत जी प्रथिने साचतात, ती विसराळूपणा दिसू लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचत आलेली असतात. आईचे निदान ७२ व्या वर्षी झाले. म्हणजे याची सुरुवात झाली तेव्हा त्या पन्नाशीच्या जरा पुढे असतील आणि तुम्ही पंचविशी-तिशीत, सासरी, नव्या संसारात. त्या वेळी आईच्या ताटात काय वाढले जात होते, यावर तुमचा काय ताबा असणार होता? आणि असता, तरी त्या शिऱ्याचा या आजाराशी सरळ संबंध जोडता येत नाही. आईला मधुमेह नाही असे तुम्हीच लिहिले आहे. गोड खाण्यातून मधुमेह, लठ्ठपणा आला आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर मेंदूला धोका वाढतो हे खरे. पण आईच्या बाबतीत ती साखळी पहिल्याच कडीला तुटते.

या आजारात सगळ्यात मोठा वाटा वयाचा आहे. पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी धोका साधारण दुप्पट होत जातो. बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसते. आई सातवीपर्यंत शिकल्या, आयुष्यातली बरीच वर्षे चुलीसमोर गेली आणि रक्तदाबाची गोळी 'आठवेल तेव्हा' घेत आल्या, असे तुमच्या पत्रात आहे. कमी शिक्षण, हवेतला धूर, मध्यम वयातला आटोक्यात नसलेला रक्तदाब या तिन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांतली एकही तुमच्या भावाच्या यादीत नव्हती. त्याच्यावर रागावू नका. लांब राहणाऱ्या मुलाला काहीच करता येत नाही, तेव्हा तो कारण शोधू लागतो आणि ते बहुधा आईजवळ असणाऱ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात सापडते. हे उत्तर त्याला वाचायला द्या.

आता पहिला प्रश्न. तुम्ही विचारता, नेमके काय खाल्ले तर मी वाचेन. या प्रश्नात दोन गोष्टी धरून चालल्या आहेत. एक, आजार चुकीच्या खाण्याने येतो. दोन, तो अडवणारा एखादा नेमका पदार्थ कुठेतरी आहे, फक्त आपल्याला अजून सापडलेला नाही. आपल्या घरांत लहानपणापासून 'हे खा, ते बरे होईल' असे ऐकत आपण वाढतो, त्यामुळे हा विचार परका वाटत नाही. मीही आहाराचेच काम करते आणि जेवणाने माणसाची तब्येत बदलते यावर माझा विश्वास आहे. पण अल्झायमरपुरते बोलायचे तर अन्नाचे काम तुम्ही समजता त्या वाटेने होत नाही. वाट चुकली म्हणून एवढे कष्ट, एवढा पैसा आणि घरातली शांतता भलतीकडे खर्च होते आहे.

तुम्ही ज्या ब्लूबेरी मागवता त्यांचा उगम 'माइंड' नावाच्या आहारात आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. भूमध्य सागराच्या काठचा आहार आणि रक्तदाबासाठी बनवलेला 'डॅश' आहार यांतून मेंदूच्या दृष्टीने उपयोगी वाटलेल्या गोष्टी त्यांनी निवडल्या. २०१५ मध्ये त्यांनी शिकागोच्या नऊशेहून अधिक ज्येष्ठांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांचे जेवण या पद्धतीला सर्वांत जवळचे होते, त्यांच्यात अल्झायमरचे प्रमाण ५३ टक्के कमी आढळले. हाच आकडा अजूनही मोबाइलवर फिरतो. पण तो नुसत्या निरीक्षणाचा आकडा आहे. जे लोक आपणहून असे जेवतात, ते सहसा चालतातही जास्त, तंबाखूपासून लांब असतात, औषधे वेळेवर घेतात, जास्त शिकलेले असतात. फरक कशाने पडला हे अशा अभ्यासातून पूर्ण वेगळे करता येत नाही.

म्हणून पुढे खरी कसोटी घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात ६५ वर्षांवरची ६०४ माणसे होती. सगळ्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा; अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) इतिहास होता, म्हणजे तुमच्यासारखीच माणसे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला माइंड आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचेच जेवण, आणि दोन्ही गटांना थोडे कमी खायला सांगितले. तीन वर्षांनी दोन्ही गटांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी थोडी सुधारली होती, दोन्ही गटांचे वजन साधारण पाच किलोने उतरले होते आणि दोघांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. तीन वर्षे हा काळ थोडा आहे आणि साठीनंतर सुरुवात करणे उशिराचे आहे, असा आक्षेप घेता येतो, तो रास्तही आहे. तरी एक गोष्ट पक्की झाली: ताटात अमुक दहा पदार्थ आणले की स्मृती वाचते, असे खात्रीने कोणी सांगू नये.

याच आहाराच्या यादीत तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. त्यात अख्ख्या धान्याचे पदार्थ दिवसातून तीनदा खायला सांगितले आहेत. डाळी-कडधान्ये आठवड्यातून तीन-चारदा, हिरव्या पालेभाज्या सहादा. तुम्ही ज्वारीची भाकरी बंद केलीत आणि बेरी आणल्यात. सांगलीच्या घरात शाळूची भाकरी, मेथीची नाहीतर चाकवताची भाजी, मटकीची उसळ आणि जवसाची चटणी एवढे ताटात असेल, तर त्या यादीतला मोठा भाग न ठरवताच पुरा होतो. यादीत बेरी आल्या त्या अमेरिकेतल्या लोकांच्या खाण्याचा अभ्यास झाला म्हणून. तुमच्या बाजारात जांभळे, करवंदे, पेरू, आवळा ज्या त्या हंगामात येतात. ती खा. भाकरी उद्यापासून सुरू करा. भातही खा, वाटीने मोजून, सोबत आमटी आणि भाजी भरपूर घेऊन. ज्या घरात मासे चालतात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली खावी, तळून नव्हे तर कालवणात.

खोबरेल तेल मात्र आजच थांबवा. खोबऱ्याच्या तेलात संपृक्त स्निग्धांश ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि त्याने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. अल्झायमर टळतो असे मात्र कुठल्याही मोठ्या, नीट घेतलेल्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. कोकणातल्या घरात आमटीत ओले खोबरे पडते त्याला माझी हरकत नाही. रोज सकाळी औषध म्हणून रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे पिणे ही वेगळी गोष्ट आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्यासारख्या चौदा गोष्टींची यादी दिली. त्यात मध्यम वयातले वाढलेले एलडीएल नव्याने घेतले आहे. आजार टाळण्यासाठी तुम्ही जे घेत होता, ते तुम्हाला धोक्याच्या बाजूला ढकलत असण्याची शक्यता आहे. म्हणून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करून घ्या. तेल बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी परत करा.

हळदीचे दूध आवडत असेल तर घ्या. हळदीबद्दलचा समज बराचसा हरियाणातल्या बल्लभगडच्या एका अभ्यासातून पसरला. २००१ मध्ये तिथल्या खेड्यांत अल्झायमरचे नवे रुग्ण अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या एका भागापेक्षा बरेच कमी आढळले आणि लोकांनी त्याचे श्रेय हळदीला देऊन टाकले. अभ्यासाने तसे सिद्ध केले नव्हते. आता चित्र वेगळे दिसते: २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि खेड्यांत तो शहरांपेक्षा जास्त आहे. हे सगळे हळद खाणारे लोक आहेत. अर्काच्या गोळ्या तर बंदच करा. हळदीच्या अर्काने, विशेषतः मिरीच्या अर्कासोबत दिलेल्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीला हे लागू नाही.

पावडरीबद्दल थोडक्यात. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट लिहिले आहे की स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ब जीवनसत्त्वे, ई जीवनसत्त्व, ओमेगा-३ किंवा त्यांची मिश्रणे द्यावीत अशी शिफारस करता येत नाही. स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची अमेरिकेत तीन हजारांवर ज्येष्ठांमध्ये चाचणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले, फायदा दिसला नाही. अक्रोडाचीही स्पेन आणि कॅलिफोर्नियात दोन वर्षे चाचणी झाली, निरोगी ज्येष्ठांच्या बुद्धीत फरक पडला नाही. मूठभर अक्रोड, बदाम, शेंगदाणे हृदयासाठी चांगले आहेत, म्हणून खा. पावडरीच्या डब्यावर काय लिहिले आहे ते पत्रात नाही, पण त्या पैशांची खरी गरज दुसरीकडे आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा अल्झायमरशी संबंध सिद्ध झालेला नाही. भंगारात गेली ती गेली, त्यावर आता विचार करत बसू नका.

मग अन्नाने काहीच होत नाही का? होते, आणि ते रक्तवाहिन्यांच्या वाटेने होते. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण रक्तपुरवठ्यातला त्याचा वाटा बराच मोठा. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे चढ्या रक्तदाबाखाली, साखरेखाली राहिल्या की झिजतात. म्हाताऱ्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा नुसता अल्झायमर क्वचित आणि अल्झायमर अधिक रक्तवाहिन्यांचे नुकसान असे मिश्रण पुष्कळदा सापडले. लॅन्सेटच्या त्या चौदा गोष्टींत 'आहार' असे वेगळे नाव नाही. पण रक्तदाब, मधुमेह, एलडीएल, लठ्ठपणा ही चारही नावे आहेत आणि चारही ताटाशी बांधलेली आहेत. या चौदाही गोष्टी हाताळता आल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाच्या नशिबाचा नाही. उरलेल्या ५५ टक्क्यांवर कोणाचाही इलाज चालत नाही, हेही मनात असू द्या. सगळे बरोबर करूनही काही जणांना हा आजार होतो. त्यांनी काही चुकवलेले नसते.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ. मधेच, ओझरती आली आहे. शाळेच्या आरोग्य शिबिरात तुमचा रक्तदाब १५२/९६ आला आणि "परीक्षेची धावपळ होती, त्यामुळे असेल" असे म्हणून तुम्ही पुढे खोबरेल तेलाकडे वळलात. ताई, तुमच्या सबंध पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तो आहे. आईलाही पन्नाशीपासून रक्तदाब होता. तुमची मध्यम वयाची हीच वर्षे मोलाची आहेत. अमेरिकेत 'स्प्रिंट' नावाची चाचणी झाली, त्यात पन्नाशीवरची नऊ हजारांवर माणसे होती. ज्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला, त्यांच्यात सौम्य बौद्धिक घसरण १४० च्या खाली ठेवलेल्या गटापेक्षा १९ टक्के कमी झाली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशातला फरक तितका ठाम नव्हता, तरी दिशा तीच होती. ब्लूबेरीच्या बाजूने इतका भक्कम पुरावा नाही.

तेव्हा पावडरीच्या पैशात दंडाला बांधायचे रक्तदाबाचे डिजिटल यंत्र घ्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे गप्प बसून, पाय जमिनीला टेकवून, चहा घेण्याआधी मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू करावी लागली तर ती घेणे म्हणजे आहारात हरणे असे समजू नका. अनेक बायका 'एकदा सुरू झाली की सुटत नाही' म्हणून वर्षानुवर्षे गोळी टाळतात, आईनेही ती तशी अर्धवटच घेतली.

आहाराचा इथे खरा उपयोग होतो. ज्याच्यावर 'माइंड' बेतलेला आहे, त्या 'डॅश' आहाराची १९९७ मध्ये चाचणी झाली. रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी अकराने उतरला. फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, कडधान्ये, असे त्याचे रूप होते. आपल्याकडे त्याला जोड द्यायची ती मिठाची. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, याच्या आत राहायचे आहे. भाजीतले मीठ सगळ्यांना दिसते. लोणचे, पापड, खारवलेली मिरची, संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी, फरसाण आणि तुमच्याकडचे भडंग यांतले दिसत नाही. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर सोडा. ताकात मिठाऐवजी जिरेपूड घाला. लोणचे बोटाच्या पेरावर मावेल एवढे घ्या. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून एक तपासणी नक्की करा: ब-१२. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी होते. या कमतरतेने विसराळूपणा, हातापायांना मुंग्या, चिडचिड होऊ शकते आणि वेळेत भरून काढली तर ते बरेच सुधारते. वर पावडरींबद्दल जे लिहिले ते इथे लागू होत नाही. शरीरात कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचेच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आईचे ब-१२ आणि थायरॉइड निदानाच्या वेळी पाहिले होते का, तेही जुन्या रिपोर्टांत बघा.

आणि अन्न एकटे पुरत नाही. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या पुढाकाराने ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० जणांवर दोन वर्षे काम झाले: आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, सगळे एकत्र. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. बुद्धीच्या चाचण्यांत या गटाची प्रगती जास्त होती. फरक फार मोठा नव्हता, पण खरा होता. तुम्ही शाळेत उभ्या असता, शिकवता, रोज शंभर माणसांशी बोलता. यातले बरेच तुमच्याकडे आधीच आहे. त्यात आठवड्याला दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे घाला. ऐकू कमी येऊ लागले तर यंत्र लावायला लाजू नका, कमी ऐकू येणे हेही त्या चौदांत आहे. आईचा टीव्ही मोठ्याने लागतो असे तुम्ही लिहिले आहे. त्यांचे कान कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ निघाला तरी बोलणे सोपे होते.

शिऱ्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तुमच्या घरातले सगळ्यात जास्त दुःख तिथे आहे. आईला आता जेवणातून आजार परतवायचा नाही. त्यांच्या बाबतीत अन्नाचे काम वजन टिकवणे, ताकद टिकवणे आणि दिवसातून दोन-तीनदा आनंद देणे हे आहे. अल्झायमरमध्ये वास आणि चव मंदावते. गोड जास्त काळ कळते, म्हणून ते मागितले जाते. त्या हट्ट करत नाहीत. पुढे पुढे या आजारात माणसे जेवण विसरतात, घास तोंडात धरून बसतात, वजन उतरते आणि उतरलेले वजन सहज परत येत नाही. आज आई मागून खातात हे चांगले चिन्ह आहे. त्यांना शिरा द्या. दुधात करा, तूप घाला, बदामाची पूड घाला, म्हणजे पोटात थोडे जास्त जाईल. डिंकाचा नाहीतर नाचणीचा लाडू छोटा वळा, हातात धरून खाता येतो. ज्यांच्या घरी अशा आजारी व्यक्तीला मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून साखरेची मर्यादा ठरवावी. या वयात, या आजारात रक्तातली साखर फार कडक ठेवणेही धोक्याचे असते, कारण ती एकदम खाली गेली तर त्यांना सांगता येत नाही.

एका वेळी ताटात एक-दोनच पदार्थ वाढा. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना नीट दिसत नाही, गडद रंगाचे ताट घ्या. थालीपीठ, धिरडे यांचे तुकडे करून हातात द्या. "मी जेवलेच नाही" म्हणाल्या तर "आत्ताच जेवलीस" हे पटवत बसू नका. थोडे चुरमुरे नाहीतर केळ्याच्या दोन फोडी द्या. महिन्यातून एकदा वजन करा. घास गिळताना ठसका लागू लागला तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

जनुकांच्या चाचणीबद्दल बहिणीला एवढे सांगा. एपीओई-४ या जनुकप्रकाराची एक प्रत असेल तर धोका दोन-तीन पटीने वाढतो, दोन असतील तर त्याहून बराच जास्त. पण ती असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसतानाही होतो. आईचा आजार सत्तरीनंतर सुरू झाला. कमी वयात, पिढ्यान् पिढ्या येणारा जो विरळा प्रकार असतो, तसा हा दिसत नाही. तुमच्या मनाची आजची अवस्था पाहता, रिपोर्ट काहीही आला तरी करायच्या गोष्टी याच राहतील. चाचणी करायचीच असेल तर आधी आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी बोला, घरबसल्या थुंकीची बाटली पाठवून नको.

मुलगी आणि नवरा वेगळे जेवतात ते पुन्हा एका ताटावर येऊ द्या. तुम्हाला जे लागते तेच त्यांनाही लागते. मीठ कमी, भाजी जास्त, तळण क्वचित. वेगळा 'मेंदूचा' स्वयंपाक करू नका. आणि रात्री उशिरापर्यंत या आजाराचे व्हिडिओ बघणे थांबवा. तुमची झोप मोडते आहे हे पत्राच्या ओळीओळीत जाणवते. आईची काळजी घेताना तुम्ही एकट्या पडल्या आहात. भावाने महिन्यातले चार दिवस आईकडे येऊन राहावे, हे त्याच्याकडे स्पष्ट मागा. बोलायला कोणी हवे असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसंबंधी माहिती-मदतीसाठी १४५६७ आहे.

असाच प्रश्न असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी: घरातल्या कोणाचे विसरणे रोजच्या कामात आडवे येऊ लागले असेल, नेहमीचा रस्ता चुकत असेल, पैशांचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर डबे आणि पावडरी शोधण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ब-१२, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या, यांनीही तसेच होते आणि त्यावर उपाय असतात.

ताई, रक्तदाबाची आठवड्याची सरासरी, ब-१२ आणि लिपिडचे आकडे हाती आले की मला पुन्हा लिहा. त्यावरून तुमच्या ताटात काय कमी-जास्त करायचे ते नेमके सांगता येईल.